कालिना ते कसारा

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातल्या सगळ्या विद्यापीठांना कळवलं, की त्या शैक्षणिक वर्षापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायचे नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र असे आणखी काही विषयही त्याच यादीत होते. आधार होता २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याचा. ज्याला उद्या माणसांवर उपचार करायचे आहेत, त्याने घरबसल्या पदवी घेऊ नये, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पोहायला टपालाने शिकवत नाहीत.

पण हा निर्णय ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतून वेगळा दिसतो. डोळखांबच्या मुलीला मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या विद्यानगरीत तासाला बसायचं, तर आधी एसटीने किंवा जीपने आसनगाव, तिथून लोकलने कुर्ला आणि पुढे पुन्हा बस. टोकावड्याच्या मुलाला लोकल पकडण्यासाठीच कल्याण गाठावं लागतं, कारण मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची चर्चा निवडणुकीगणिक होते, तेवढ्यावर गाडी चालत नाही. अशांसाठी इग्नूचं मानसशास्त्रातलं एम.ए. ही एक वाट होती. त्यात प्रात्यक्षिक होतं, इंटर्नशिप होती. नोकरी सांभाळून, घर सांभाळून ते करता येत होतं. ती वाट नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. मग जवळची दुसरी कोणती उघडली?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. मानसशास्त्राला स्वतंत्र विभाग मिळायला मात्र आणखी शंभर वर्षं जावी लागली. तोवर हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरात पाहुण्यासारखा राहिला. कलकत्त्याने १९१६ मध्ये, म्हैसूरने १९२४ मध्ये आपापले विभाग काढले होते. मुंबईने १९५९ मध्ये काढला आणि नाव ठेवलं उपयोजित मानसशास्त्र विभाग. गिरण्या, कारखाने, इस्पितळं, शाळा यांनी भरलेल्या शहरात ते साजेसंच होतं. पुढे चिकित्सा, औद्योगिक, सामाजिक अशा शाखा वाढल्या, समुपदेशन केंद्र जोडलं गेलं आणि आज विभागाचं नावच ‘उपयोजित मानसशास्त्र विभाग व समुपदेशन केंद्र’ असं आहे. एके काळी कला शाखेत ‘दुसरं काही मिळालं नाही म्हणून’ घेतला जाणारा हा विषय आता पालक स्वतः चौकशी करून मुलांना घ्यायला लावतात. ही वाढ खरी आहे आणि तिचं श्रेय विभागाला द्यायलाच हवं.

तरी या वाढीचा नकाशा काढला, तर तो लोकलच्या दोन-तीन मार्गांवरच राहतो. शिकलेली मुलं खासगी दवाखान्यात, शहरी शाळेत किंवा कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जातात. दोष त्यांचा नाही, पगार तिथे आहे. ठाणे शहरात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली, मनोरुग्णालय तर १९०१ पासून आहे. खाटा १८५०, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला मनाची सगळी खाती उघडलेली आणि पूर्वेला, खर्डीच्या पुढे, माणूस झोप येत नाही म्हणून आधी मेडिकलमधून गोळी आणतो आणि मग भगताकडे जातो.

आकड्यात बोलायचं तर हाताशी फार काही नाही. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. देशपातळीवर ग्रामीण प्रौढांत त्या वेळी मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण ६.९ टक्के निघालं आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर आणि मुरबाड मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. त्यात प्रौढ तीन लाख धरले आणि तोच दर लावला, तर वीस हजारांच्या पुढे माणसं होतात. हा कागदावरचा हिशेब आहे, पण कोणी घरोघर जाऊन दुसरा मांडेपर्यंत तोच धरून चालावं लागेल.

घरोघर जाणं हेही विद्यापीठाचंच काम असतं, हे एका विभागाने दाखवलेलं आहे. अलाहाबाद विद्यापीठात १९६१ मध्ये दुर्गानंद सिन्हांनी मानसशास्त्र विभाग उभा केला आणि तो खेड्यांकडे वळवला. दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलांच्या आकलनावर त्या विभागात वर्षानुवर्षं काम झालं. पुढे सिन्हा, आर. सी. मिश्र आणि कॅनडाचे जॉन बेरी यांनी तेव्हाच्या बिहारमधल्या बिरहोर, असुर आणि उरांव या आदिवासींचा अभ्यास केला. रानात भटकणारा आणि शेतात स्थिरावलेला, दोघांचं पाहणं, ओळखणं, वर्गवारी करणं कसं घडतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९६ चं. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्या शेजारी असलेल्या विद्यापीठाला हा विषय दारात होता.

दारात म्हणजे किती, तर शब्दशः नळात. तानसा, वैतरणा, भातसा या शहापुरातल्या धरणांमधून मुंबईला पाणी जातं. एकट्या भातसातूनच निम्म्याच्या आसपास. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. बाईचा दिवस हंड्याच्या रांगेभोवती फिरतो. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मजुरीला जायचं की थांबायचं हे रोज सकाळी ठरवावं लागतं. ताणावर प्रबंध लिहायचा असेल, तर याहून चांगला विषय कुठे शोधायचा?

विभागाने इथे काय करायचं ते दिसावं, म्हणून आता मुलांच्या बुद्धिमापनाची एक वस्तू जवळून पाहू. सेगिन फॉर्म बोर्ड. एक लाकडी पाटी, तिच्यात दहा खाचा: गोल, चांदणी, षटकोन, अर्धगोल वगैरे. ठोकळे काढून समोर रचायचे आणि मुलाला म्हणायचं, बसव पटापट. हातात घड्याळ. असं तीनदा करायचं आणि सगळ्यात कमी लागलेला वेळ धरायचा. भाषा जवळपास लागत नाही, म्हणून आश्रमशाळेतल्या बुजऱ्या मुलालाही ही चाचणी देता येते. पण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी एवढ्यावर भागत नाही, बुद्धिगुणांक लागतो. तिथे अजूनही बिने-कामत चाचणी वापरतात. व्ही. व्ही. कामतांनी ती धारवाडला कानडी आणि मराठी मुलांवर बसवून १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या भाषेत, आपल्या मुलांसाठी हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी केलं, याचा अभिमान वाटतो आणि आजही काम त्यावरच भागवावं लागतं, याची लाजही. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेक्सलरची मुलांची चाचणी भारतीय रूपात आणली, तीही १९६९ ची. सी. एम. भाटियांनी १९५५ मध्ये निरक्षरांनाही चालेल असा कृतिचाचण्यांचा संच केला होता. ही सगळी एकेका माणसाने चिकाटीने केलेली कामं. शहापूरच्या ठाकूर मुलासमोर ती ठेवल्यावर त्याच्या उत्तरातलं काय बुद्धीचं आणि काय केवळ अनोळखीपणाचं, हे सांगायला स्थानिक प्रमाणकं लागतात. ती काढायला शेकडो मुलं तपासावी लागतात. एकट्यादुकट्या समुपदेशकाला ते जमणार नाही. विभागाला जमतं, दरवर्षी नव्या हातांची तुकडी त्याच्याकडे असते.

आणि मुलं सापडायला तरी हवीत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब मृगाच्या आधी होतो, तेव्हा बहुधा मालकाचंच काही निघत असतं. ही अनिश्चितता, हे देणं आणि त्यावरची दारू यांतून जे निपजतं, त्याला दवाखान्यात ‘अंगदुखी, अशक्तपणा’ असं लिहून बी-कॉम्प्लेक्स दिलं जातं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाकांवर बसून पाहिलंय. बाई आधी पाठ सांगते, मग छाती, मग झोप. नवऱ्याचं सांगायला ती पुन्हा यावी लागते आणि पुन्हा आली तेव्हा डॉक्टर बदललेले असतात.

यावर उपाय कुणी करून पाहिलेच नाहीत असं नाही. शहापूरहून फार दूर नसलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प २०१३ मध्ये ४१ गावांत सुरू झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो चालवला. गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचं आणि साध्या समुपदेशनाच्या चार-सहा बैठकी घेण्याचं शिक्षण दिलं. गरज पडली तर ते रुग्णालयात पाठवायचे, शिवाय सरकारी योजनेचा अर्जही भरून द्यायचे. हे शेवटचं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं; ज्याचं रेशन अडलंय, त्याला नुसता श्वास मोजायला सांगू नये. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने हेच आधी दाखवलं होतं. गावातला शिकवलेला माणूस बरंच काही करू शकतो. मात्र त्याला शिकवायला, त्याच्या अडचणी सोडवायला पाठीशी मानसशास्त्रज्ञ लागतो.

भगतांबद्दलही एक सांगायला हवं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं गुन्हा ठरवलं आणि ते योग्यच झालं. पण पाड्यावरचा प्रत्येक भगत काही मारत नाही. पुष्कळदा तो फक्त ऐकतो, रात्रभर बसतो. जिथे ऐकणारं दुसरं कोणी नाही, तिथे त्याच्यावर नुसती टीका करून काय साधणार? ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे आणि मराठीतही बोलता येतं. माळशेजच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज आली तर.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं कार्यानुभव प्रशिक्षण सक्तीचं झालं आहे. मुंबईतली मुलं त्यासाठी दवाखाने आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवतात. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय शहापुरातच आहे आणि त्याच्या आश्रमशाळा आजूबाजूला आहेत. शहापूरचं सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आणि शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे आठवड्यातून दोन दिवस कालिन्याचे वर्ग भरवता येतील. प्राध्यापक लोकलने येतील, मुलांना जावं लागणार नाही. दूरशिक्षण बंद केलं, तर शिक्षणानेच जवळ जायला हवं. यासाठी नवी इमारत लागत नाही. अभ्यासमंडळाचा एक ठराव लागतो आणि दोन पत्रं: एक ठाण्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना, दुसरं शहापूरच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना. हे वाचणाऱ्यांत विद्यापीठाच्या मंडळांवरचे कोणी असतील, तर त्यांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा ठराव त्याआधी व्हायला हवा.