‘असू शकतो’ला कोड नाही

पहाटे ५.३०
अमरावती, राजापेठ. मे महिना. नळ आलाय. ती आधी कूलरची टाकी भरते, मग पिंप. कूलर चालला तरच दुपारी काम होतं.

सकाळी ७
लॉग-इन. काम मेडिकल कोडिंगचं. रुग्ण अमेरिकेतले. त्यांच्या फाइली वाचून आजाराला आणि उपचाराला कोड द्यायचा. त्यावर विम्याचं बिल निघतं. रुग्णांची माहिती फुटू नये म्हणून मोबाइल बाहेरच्या खोलीत. टेबलावर कागद-पेनही चालत नाही. बी.एस्सी. अकोल्याला केलं, मग कोडिंगची परीक्षा दिली: १०० प्रश्न, ४ तास. फी डॉलरमध्ये, निम्मी भावानं भरली. पगार हातात २२ हजार. नेट आणि इन्व्हर्टरची बॅटरी स्वतःच्या खर्चानं.

सकाळी ९.४०
साठीची बाई. दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढला, तर फुप्फुसाच्या आवरणावर, प्ल्यूरावर, गाठ दिसली. ओपीडीच्या पहिल्या कागदावर डॉक्टरांनी नुसतं ‘ट्यूमर’ लिहिलंय. म्हणून डी ४९.१. सीटी स्कॅनवर ‘मेसोथेलिओमा असू शकतो’. तो कॅन्सर, कोड सी ४५.०. पण ओपीडीत ‘असू शकतो’ला कोड देत नाहीत. ती पान उलटते.

सकाळी ११
पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. गाठ दुर्बिणीतून, देठासकट काढलेली. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. ही गाठ ओळखायच्या तपासण्या: सीडी ३४ पॉझिटिव्ह, स्टॅट ६ पॉझिटिव्ह. या गाठीतला जनुकांचा बदल २०१३ मध्ये सापडला. स्टॅट ६ ची तपासणी त्यानंतरची. ती शेवटची ओळ शोधते. ‘बिनाइन’. म्हणजे साधी. डी १९.०. तिथं ‘खात्रीनं सांगता येत नाही’ असतं, तर डी ३८.२. स्वतःचा अंदाज घालायचा नाही. कागद गोंधळाचा असेल तर डॉक्टरांना प्रश्न पाठवायचा आणि फाइल बाजूला ठेवायची.

दुपारी १.१५
लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि एक पंखा. आई पन्हं घेऊन दारात उभी.
“कोन्या गावची होय वो ते बाई?”
“सांगता येत नाही, माय.”
“बरी तं हाये ना?”
“तेही सांगता येत नाही.”

दुपारी ४.३०
ऑडिट. कालच्या एका फाइलीत चूक निघाली: गाठ आवरणाची, कोड दिला फुप्फुसाचा, डी १४.३ गटातला. अचूकता ९५ टक्क्यांखाली गेली की इन्सेंटिव्ह कापतात. या महिन्यात ती ९६ वर आहे.

संध्याकाळी ६
लॉग-आउट. कोपऱ्यावरून दोन प्लेट गिला वडा, ८० रुपये. आपल्याकडे अशी गाठ निघाली तर काय करायचं, असं तिला विचारलं. ती म्हणाली, “रिपोर्ट फेकू नका. साधी गाठही कधी कधी काही वर्षांनी परत येते. तपासणीला जाताना जुना कागद सोबत न्या.”