प्लगिन लिहून झालं, आता सांभाळणार कोण?

ज्युनिअर्सचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ओपन सोर्समध्ये काँट्रिब्यूट करायचंय, पण कोडिंग तेवढं येत नाही. सुरुवात कुठून करू?" आधी आपल्या यवतमाळशी संबंधित एक उदाहरण बघू.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, तुम्ही ऐकला असेल. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात यवतमाळसह १५ जिल्हे होते. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईने त्यात एक प्लगिन तयार केलं. ते चालतं क्यूजीआयएसवर, म्हणजे नकाशांच्या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर. प्लगिन म्हणजे काय? ट्रॅक्टर तोच, मागे नांगर लावा की पेरणीयंत्र. इथे पाऊस, मातीचा पोत, खोली, उतार, पीक ही माहिती द्यायची. पावसातलं किती पाणी वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती खाली मुरलं आणि पिकाला किती कमी पडलं, याचा हिशोब मिळतो. आपल्याकडची पऱ्हाटी अन् तूर बहुतेक पावसाच्या भरवशावर, त्यामुळे शेततळं कुठे हवं हे बोलताना असा आकडा कामाचा असतो.

आता खरी गोची. नांगर तसाच राहिला तरी ट्रॅक्टर बदलत जातो. २०१८ च्याच फेब्रुवारीत क्यूजीआयएस ३.० आलं. त्याने पायथन २ सोडून पायथन ३ घेतलं, आतल्या कित्येक आज्ञांची नावं बदलली. प्रत्येक प्लगिनसोबत मेटाडेटाची छोटी फाइल असते, त्यात ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे लिहिलेलं असतं. फक्त २ साठी लिहिलेलं प्लगिन ३ मध्ये यादीत दिसतच नाही. एका अर्थी हे बरंच. न चालणारं प्लगिन निदान फसवत तरी नाही.

फसवतं ते चालणारं. माझा अनुभव सांगते. एका सीनिअरचा अपवाह काढायचा जुना कोड मी पायथन ३ वर आणला. एरर एकही नाही, पण जुन्या तक्त्याशी आकडे जुळेनात. तीन आठवडे माझाच डेटा तपासत बसले! चूक एका भागाकारात होती. कर्व्ह नंबर पद्धतीत मातीची पाणी धरण्याची कमाल क्षमता मिलिमीटरमध्ये काढताना २५४०० ला कर्व्ह नंबरने भागून २५४ वजा करतात. कर्व्ह नंबर ८० असेल तर भागाकार ३१७.५ आणि उत्तर ६३.५. पण पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणजे ३१७. उत्तर ६३.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. ५० मिमी पाऊस धरा. सुरुवातीची गळती क्षमतेच्या ०.२ पट घेतली तर बरोबर अपवाह येतो १३.८० मिमी, जुन्या कोडने १३.९३. फरक हेक्टरी सुमारे १,३०० लिटर, एका दिवसाच्या पावसात. वावरात हे कदाचित जाणवणार नाही, पण माझ्या प्रबंधातला अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला. आणि जुन्या तक्त्यावर ज्यांनी पुढचं काम केलं, त्यांना कोण सांगणार? सीनिअर केव्हाच नोकरीला लागलेले. कोड कुठेच उघडा ठेवलेला नव्हता, त्यामुळे चूक नोंदवायलाही जागा नव्हती.

तर तुमचा प्रश्न. माझं पहिलं काँट्रिब्यूशन कोडचं नव्हतंच. एक प्लगिन फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की बंद पडायचं. मी इश्यू लिहिला: क्यूजीआयएसची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, एररचा पूर्ण मजकूर, आणि चूक पुन्हा घडवायला लागेल तेवढाच डेटा. पाच सर्वे नंबरांचा खोटा नकाशा केला होता. खरा नकाशा चिकटवू नका, त्यात शेतकऱ्यांची नावं असतात. नुसतं "चालत नाही सर, प्लीज हेल्प" लिहिलं तर समोरचा माणूस काहीच करू शकत नाही. तोही पगाराविना, रात्री जेवण झाल्यावर हे काम करत असतो.

उत्तर सव्वा महिन्याने आलं: दुरुस्ती सोपी आहे, तूच पाठव, सोबत टेस्टही दे. दुरुस्ती दोन ओळींची, टेस्ट वीस ओळींची. तेव्हा वैताग आला होता. पुढे त्यांनी मलाच सहसांभाळक केलं, आणि आता नवी आवृत्ती सोडायच्या आदल्या रात्री झोप लागते ती त्या टेस्टमुळे. सांभाळण्यात नवं लिहिणं कमीच असतं. इश्यूंना उत्तरं द्यायची, दुसऱ्याचा कोड वाचायचा, बदलांची नोंद ठेवायची आणि कधी कधी "हे आपण घेणार नाही" असं नीट शब्दांत सांगायचं. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

तुमच्या प्रबंधात एखादं प्लगिन वापरलं असेल तर पद्धतीच्या प्रकरणात त्याची नेमकी आवृत्ती लिहा, आणि ती झिप फाइल स्वतःकडेही ठेवा.

सध्या आमच्याकडे सात इश्यू उघडे आहेत. त्यातला एक बटणांवरच्या मजकुराच्या मराठी भाषांतराचा आहे. 'रनऑफ'ला 'अपवाह' म्हणायचं की 'वाहून गेलेलं पाणी', इथेच गाडी अडलीय. कोडिंग न येणाऱ्याने घ्यावा असा आहे.