त्वचेचे डॉक्टर, त्यांची संघटना आणि आपला समाज

स्पर्शाचा अर्थ आमच्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, ज्यांना 1927 साली चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांना त्वचा म्हणजे काय हे पुस्तकात वाचावे लागत नाही. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा विषय आम्ही आज मुद्दाम घेतला आहे. हा मोठ्या डॉक्टरांचा घरगुती मामला आहे असे समजून चळवळीने त्याकडे पाठ फिरवू नये.

त्वचारोगतज्ज्ञांची 'आयएडीव्हीएल' ही अखिल भारतीय संघटना 1973 साली दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. तिच्या नावातच तीन जबाबदाऱ्या आहेत : त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. यातल्या शेवटच्या दोन रोगांच्या रुग्णांना समाजाने एक तर लपवले, नाही तर हाकलले. म्हणजे ही संघटना जन्मापासूनच बहिष्कृतांशी बांधलेली आहे. हे नाते ती कितपत पाळते, हाच आमचा प्रश्न आहे.

आधी चांगले ते चांगले म्हटले पाहिजे. स्टेरॉइडची मलमे गोरेपणासाठी तोंडाला फासण्याचे जे वेड देशभर पसरले, त्याविरुद्ध या संघटनेने आवाज उठवला, त्यासाठी खास कृतिदल नेमले. संघटनेच्याच नियतकालिकात 2011 साली बारा केंद्रांतील पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण अशी मलमे लावत होते, आणि त्यातील 126 जणांनी ती गोरे होण्यासाठी किंवा साधी क्रीम म्हणून वापरली होती. या मलमांनी कातडी पातळ होते, मुरुमे उठतात, चेहरा लाल होऊन जळजळतो आणि मलम थांबवले की त्रास दुप्पट होतो. पुढे 2018 साली सरकारने ही मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम झाला, पण गल्लीतल्या दुकानात काय चालते हे वाचकांना ठाऊक आहे.

पण काळा रंग हलका, हे आपल्या मुलींना शिकवले कुणी? ज्या व्यवस्थेने वर्णावर माणसाची किंमत ठरवली, तिनेच. आणि आपण काय करतो? बाबासाहेबांचा फोटो लावून वधूवर मेळावा भरवतो आणि परिचयपत्रात 'रंग' हा रकाना ठेवतो! डॉक्टरांनी मलम बंद करावे आणि आपण रकाना चालू ठेवावा, हे कसे चालेल?

आता कुष्ठरोगाकडे वळू. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण राहिले म्हणून 2005 च्या अखेरीस देशाने कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे मानले. तरी 2022-23 या एका वर्षात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांना हे सांगावे लागत नाही. ब्रिटिशांनी 1898 साली केलेला कुष्ठरोग्यांना कोंडण्याचा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये, यासाठी 2019 पर्यंत थांबावे लागले. औषधाने बरा होणारा हा रोग, पण त्याच्यावरची अस्पृश्यता मात्र औषधाने जात नाही.

तिसरी गोष्ट कष्टकऱ्यांच्या हातांची. सिमेंटमधल्या क्रोमियमने गवंड्याचे हात फुटतात. गाजरगवत उपटणाऱ्या शेतमजूर बाईच्या अंगावर खाज उठते ती वर्षानुवर्षे जात नाही. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या पायांची तर कुणी चौकशीही करत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने क्रोमचे व्रण आणि रसायनांमुळे होणारा त्वचारोग हे कळवण्याजोगे रोग ठरवले होते. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर कोणत्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतो? त्याची नोंद कोण करणार?

आज शहरातल्या दवाखान्यांच्या पाट्या वाचा : लेझर, केशरोपण, चेहरा उजळणे. पोट प्रत्येकाला आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. आमची मागणी एवढीच, की संघटनेने आपल्या नावातले शेवटचे अक्षर विसरू नये. वस्त्यांत, वीटभट्ट्यांवर, सफाई कामगारांच्या चाळीत नियमित तपासणी व्हावी, आणि कामामुळे होणाऱ्या त्वचारोगांची मोजदाद करून ती सरकारपुढे ठेवावी. शरीरावरचा पुरावा डॉक्टर जितका ठामपणे मांडू शकतो, तितका मोर्चाही मांडू शकत नाही.

आणि कार्यकर्त्यांनीही कामाला लागावे. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर माणसाला लपवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. तिथे औषध मोफत मिळते. चिठ्ठीशिवाय मलम घेऊ नका. आणि पुढच्या मेळाव्याच्या परिचयपत्रातून तो 'रंग' आधी खोडा. त्याला कुठल्याही डॉक्टरची परवानगी लागत नाही.