आधी मीटर, मग जोडणी

उन्हात ठेवलेल्या सौर पॅनेलमध्ये वीज असतेच. ती बंद करायचं बटण त्याला नसतं. मेन स्विच पाडून मगच वायरीला हात लावायचा, हा घरातला नियम गच्चीवर चालत नाही.

साताऱ्याजवळ एका घराच्या गच्चीवर सहा पॅनेलची जोडणी मी शेजारी बसून पाहिली. एकेक पॅनेल ५४० वॅटचं. पाठीवरच्या जंक्शन बॉक्समधून दोन वायरी निघतात, दोन्ही काळ्या. म्हणून वायरमनदादांनी आधी मीटर काढला, डीसी व्होल्टवर लावला आणि दोन टोकांना प्रोब टेकवले. ४५. मग प्रोबची अदलाबदल केली, तर तोच आकडा, पण आधी वजा चिन्ह. पहिल्या वेळी लाल प्रोब जिथे होता ते प्लस. त्या वायरीला लगेच लाल टेप.

लेबलवर ४९.५ छापलंय, मग ४५च कसे? लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा. उन्हात पॅनेल तापतं, तसं व्होल्टेज उतरतं. थंडीच्या सकाळी ते उलट चढतं, म्हणून इन्व्हर्टर किती व्होल्ट सोसेल याचा हिशेब थंडीच्या आकड्यावर करायचा.

एकाचं प्लस पुढच्याच्या मायनसला, अशी माळ लावली की व्होल्टेजची बेरीज होते, करंट मात्र एकाच पॅनेलइतका राहतो. सहा पंचेचाळीस, २७०. मीटरने २६८ दाखवले. एखादं पॅनेल उलटं लागलं असतं, तर त्याने आणखी एकाचं व्होल्टेज खाल्लं असतं आणि जेमतेम १८० दिसले असते.

पण पॅनेल सहसा उलटं लागत नाही: वायरींच्या टोकांना कारखान्यातूनच बसवून आलेले एमसी-फोर कनेक्टर एकमेकांत चुकीचे बसत नाहीत. धोका असतो तो खाली नेण्यासाठी वाढवलेल्या वायरीत, कारण तिच्या टोकाची पिन हाताने दाबून (क्रिम्प करून) बसवतात. तिथे अदलाबदल झाली तरी कनेक्टर ‘टक’ करून छान बसतो. या आवाजावर विसंबणं मला सगळ्यात घातक वाटतं.

दोन माळा समांतर जोडताना एक उलटी असेल, तर करंट त्या दोघींतच फिरत राहतो. चूक कळल्यावर घाबरून कनेक्टर उपसला, तर ठिणगीचा जाळ होतो. घरातली एसी वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. डीसीची तशी विझत नाही. अशा वेळी अंधार पडेपर्यंत थांबावं आणि करंट शून्य झाल्याचं मीटरवर बघून मगच कनेक्टर सोडवावा.

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं, आणि गच्च्यांवर नवे हात कामाला लागले. हे काम वाढावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच घरमालकानेही इन्व्हर्टरला वायर लागण्याआधी मीटरचा आकडा स्वतः पाहावा.

दादांनी इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद असल्याची खात्री केली, वायरी जोडल्या आणि त्या जोडणीच्या बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करने लिहिलं: २६८ व्होल्ट, तारीख, दुपारी १२. पुढे कोणी दुरुस्तीला आलं, तर ताडून बघायला.