रूमवर ‘प्रो’, स्टेजवर हात गार! गेमिंग टूर्नामेंटमध्ये असं का होतं?

घरी खेळताना एकही गोळी वाया न घालवणारा खेळाडू टूर्नामेंटमध्ये सोपा नेम चुकवतो. स्किल काही एका रात्रीत जात नाही. मग बिघडतं काय?

शरीरात काय होतं?

दडपण आलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो. बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून बोटं गार पडतात. बीजीएमआयसारख्या गेममध्ये सगळा खेळ बोटांचा. तिथे एवढा फरकही महागात पडतो.

पण थोडं टेन्शन हवंच. यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये उंदरांवर प्रयोग केले. त्यातून पुढे आलेला नियम असा: उत्तेजना वाढते तशी कामगिरी सुधारते, पण एका मर्यादेनंतर घसरते. काम जितकं अवघड, तितकी ही घसरण लवकर.

‘शांत हो’ म्हणून का भागत नाही?

धडधडणाऱ्या हृदयाला हुकूम देऊन थांबवता येत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या अभ्यासात, गाण्याआधी किंवा भाषणाआधी ‘मी उत्साहात आहे’ असं स्वतःला सांगणारे लोक, शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. धडधड तीच, फक्त तिला दिलेलं नाव बदललं.

नेमबाजांकडून काय शिकायचं?

मुळशीच्या वेशीवरच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडा संकुलात सराव करणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 ला त्याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं. सुरुवातीला तो मागे होता. त्या दिवशी पोटात गोळा आला होता, नुसता काळा चहा पिऊन आलो, स्कोअरबोर्डकडे पाहिलंच नाही, असं त्याने नंतर सांगितलं.

म्हणजे भीती त्यालाही होती. लक्ष मात्र पुढच्या शॉटवर होतं. गेमरसाठी याचा अर्थ सरळ आहे: मॅच चालू असताना पॉइंट टेबल आणि लाइव्ह चॅट बंद.

मग करायचं काय?

• दोन मॅचच्या मध्ये दोन-तीन मिनिटं संथ श्वास. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.
• हात गरम ठेवा. अनेक प्रो खेळाडू हँड वॉर्मर वापरतात.
• गोंगाटातच सराव करा. स्पीकरवर प्रेक्षकांचा आरडाओरडा लावा, खुर्चीही बदलून पाहा.
• मोठ्या स्पर्धांत खेळाडू कानात इअरफोन आणि त्यावर आवाज अडवणारा हेडसेट घालतात. आयोजक काय देणार आहेत, ते आधीच विचारा.
• फोनवर खेळत असाल तर कॉल आणि नोटिफिकेशन बंद. घरून ऑनलाइन मॅच असेल तर आईला वेळ सांगून ठेवा.
• राउंड हरलात तर चूक कोणाची, हा वाद मॅच संपल्यावर. तोवर फक्त पुढचा प्लॅन.

गोळी घेतली तर?

हा शॉर्टकट नकोच. 2015 मध्ये एका काउंटर-स्ट्राइक खेळाडूने एकाग्रतेचं औषध घेऊन खेळल्याची कबुली दिली. त्यानंतर ईएसएल या स्पर्धा कंपनीने खेळाडूंची ड्रग टेस्ट सुरू केली. झोप किंवा भूक उडण्याइतकं टेन्शन रोजचंच झालं असेल, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला.

डिसेंबर 2022 पासून ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. खेळ म्हटला की मनाची तालीमही आलीच, अंगठ्यांच्या सरावाइतकीच रोजची.