मिलचं सूत, खाप्याचा माग

नागपूरहून उत्तरेला सावनेरच्या दिशेनं निघालं, की साधारण ३५ किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठी खापा लागतं. आज हे गाव लोकांना माहीत असतं ते गुमगावच्या मॅंगनीज खाणीमुळे, आसपासच्या संत्र्याच्या बागांमुळे, नाहीतर वाकीच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला जाताना. पण १८६७ साली इथे नगरपालिका आली, तेव्हा खाप्याची ओळख होती ती विणकरांचं गाव म्हणून. नागपूर आणि उमरेडप्रमाणे इथेही कोष्टी समाजाची घरं होती, आणि घराघरात खड्डामाग होता. लुगडी, धोतरं, उपरणी विणायची आणि बाजाराला न्यायची, यावर घरं चालत.

या मागांवर चढणारं सूत मात्र हळूहळू गावाबाहेरून येऊ लागलं. नागपूर आणि हिंगणघाटच्या मिलनी जिल्ह्यातल्या कोष्ट्यांना सूत पुरवायला सुरुवात केली, आणि खाप्याचा माग मिलच्या चातीला बांधला गेला. म्हणून विदर्भातल्या ओस पडलेल्या मिलचं काय करायचं, हा प्रश्न जितका शहराचा आहे तितकाच खाप्यासारख्या गावांचाही आहे. तो तसा क्वचितच विचारला जातो.

दलदलीत उभी राहिलेली मिल

या साखळीतली सर्वांत मोठी कडी म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलावर 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' काढली. त्या काळी कापडाची मिल म्हणजे मुंबई, हे समीकरण ठरलेलं होतं. जमशेटजींनी ते मोडलं. मुलूख कापसाचा होता, रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती, वरोऱ्याला कोळसा सापडला होता. शिवाय नागपूर हा हातमागाचा मोठा बाजार होता. सूत काढलं तर ते घ्यायला विणकर दाराशी होते. खापा, उमरेड आणि नागपूरचे कोष्टी या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरलेले होते.

जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या बाजूला. जमीन दलदलीची होती, भराव घालण्यातच बरीच रक्कम गेली. एका मारवाडी सावकाराकडे पैसे मागितले, तेव्हा खड्डा बुजवण्यासाठी सोनं मातीत घालायला मी तयार नाही, असं म्हणून त्यानं नकार दिल्याचं सांगतात. पुढे मिलचा नफा पाहून त्याच सावकारानं म्हटलं, की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आलं. त्याच दिवशी मिल सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळालं. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना निवडलं. ते रेल्वेच्या माल खात्यातले, सूतकताईची त्यांना माहिती नव्हती. पण माणसं आणि माल दोन्ही हलवण्याची शिस्त त्यांच्या अंगात होती. नागपुरातली बेझनबाग ही वसाहत आजही त्यांचं नाव सांगते.

चाती, लडी आणि खड्डा

कापसाची गाठ मिलमध्ये आली, की आधी ती फोडून, झोडून कचरा वेगळा करायचा. मग कार्डिंगमध्ये तंतू विंचरून सरळ करायचे, त्याचे पेळू ओढून बारीक करायचे, आणि शेवटी चातीवर पीळ देऊन सूत गुंडाळायचं. तेव्हाच्या म्यूल यंत्रात पीळ देणं आणि गुंडाळणं ही कामं आळीपाळीनं होत. रिंग फ्रेममध्ये ती एकाच वेळी, अखंड होतात. रिंग फ्रेमचा शोध अमेरिकेत लागला होता, पण मॅंचेस्टर तिच्याकडे संशयानं पाहत होतं. एम्प्रेस मिलनं १८८०च्या दशकातच ती आणून चालवून पाहिली आणि मग खात्यांमागून खाती तिच्यावर नेली. ज्या गावाला गिरणीचा वारसा नव्हता, त्यानं लँकेशायरच्या आधी ही पैज घेतली.

विणकरासाठी सूत लडीच्या रूपात यायचं. एका लडीत ८४० वार धागा असतो, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. ४० नंबरच्या एका पौंड सुतात ३३,६०० वार, म्हणजे ३० किलोमीटरहून अधिक धागा असतो. नागपूरहून खाप्यापर्यंतचं अंतर याहून थोडंच जास्त आहे. अर्ध्या किलोहून कमी वजनाचं हे सूत घरी आलं, की घरातल्या बायका लडी उकलून रहाटावर कांड्या भरत. ताणा पसरून त्याला खळ लावण्याचं, म्हणजे पांजणीचं काम सकाळच्या गारव्यात होई. मग एकेक धागा मागाच्या वहीतून आणि फणीतून ओवायचा. या सगळ्यानंतर धोटा हातात येई.

नागपूरचा उन्हाळा सुताचा वैरी आहे. कोरड्या हवेत धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. एम्प्रेस मिलनं खात्यांमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, आगीपासून संरक्षणासाठी छताला पाण्याचे फवारे लावले. दोन्ही गोष्टी देशात पहिल्यांदा इथे आल्या. खाप्याच्या विणकरानं हाच प्रश्न जमिनीत खड्डा खणून सोडवला होता. खड्ड्यात पाय सोडून बसलं, की ताणा जमिनीलगत राहतो आणि मातीचा ओलावा त्याला मिळतो. एका ठिकाणी वाफ आणि नळ, दुसऱ्या ठिकाणी माती, पण दोघांचा अभ्यास एकाच धाग्याचा होता.

या नात्याची किंमतही लक्षात ठेवली पाहिजे. मिलचं सूत स्वस्त आणि सारखं होतं, म्हणून चरख्यावर हातानं सूत कातणाऱ्या बायकांची मजुरी गेली. हातमाग मात्र त्याच सुतावर टिकला. पुढे कायद्यानंही हे नातं मान्य केलं. मिलनी देशांतर्गत वापराच्या सुताचा ठरावीक हिस्सा लडीच्या रूपातच बांधावा, असं बंधन १९७४ पासून आलं. हा हिस्सा आधी ५० टक्के होता, २००३ मध्ये ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्क्यांवर आला.

भोंग्यावर चालणारं शहर

एम्प्रेसच्या एकाच्या पाच मिल झाल्या. शेजारी मॉडेल मिल आली. हिंगणघाट, बडनेरा, पुलगाव, अकोला, अचलपूर इथेही चिमण्या उभ्या राहिल्या. नागपूरच्या अनेक वस्त्यांचा दिवस मिलच्या भोंग्यावर सुरू होऊ लागला. कामगारांसाठी एम्प्रेस मिलनं १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची व्यवस्था केली. असे कायदे देशात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याच मिलमध्ये १८७७ साली मजुरीवरून कामगारांनी काम बंद पाडलं. देशातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांमध्ये त्याची गणना होते. चांगला मालक आणि जागा कामगार या दोन्ही परंपरा एकाच आवारात जन्मल्या, आणि पुढे रा. स. रुईकरांसारख्या कामगार नेत्यांनी दुसरी परंपरा मोठी केली. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, अशा घरांतल्या माणसांना मिलमध्ये रोख पगार मिळाला. नागपूरच्या आंबेडकरी चळवळीला जो कणा लाभला, त्यात या पगाराचा आणि मिल कामगारांच्या संघटनशक्तीचा वाटा आहे. वसंत मून यांचं 'वस्ती' हे आत्मकथन वाचताना हे जग समोर उभं राहतं.

मिल बसल्या त्या एका कारणानं नाही. यंत्रं म्हातारी झाली, ती बदलायला पैसा घातला गेला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी कापड स्वस्त केलं. कृत्रिम धाग्यानं सुती कापडाला मागे रेटलं. १९८६ मध्ये एम्प्रेस मिलच्या कंपनीनं हात टेकले. राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळानं ती चालवायला घेतली आणि २००२ मध्ये तीही धडपड संपली. मोक्याच्या जागेवर नंतर एम्प्रेस सिटी नावाचं संकुल उभं राहिलं, मॉल आला, उंच इमारती आल्या. ज्या आवारात देशातल्या रिंग कताईचा पाया घातला गेला, तिथे ती कशी चालायची हे समजून घ्यायला एखाद्या विद्यार्थ्याला चालू रिंग फ्रेम सापडणार नाही.

मिल कशी मरते

बंद मिल एका दिवसात पडत नाही. आधी मोटारी आणि तांब्याची तार जाते. मग यंत्रं भंगाराच्या भावानं, वजनावर विकली जातात. करवतीच्या दातांसारख्या उतरत्या छपरांच्या पन्हळी पाल्यानं तुंबतात, पावसाचं पाणी आत मुरतं. लोखंडी तुळया गंजून फुगतात आणि त्यांच्यावरच्या विटांच्या कमानींना तडे देतात. चुन्याच्या दर्जांमध्ये पिंपळ रुजतो. सर्वांत आधी आणि सर्वांत गुपचूप नष्ट होतात ते कागद: हजेरीपट, नमुन्यांच्या वह्या, यंत्रांचे नकाशे, कुठल्या गावाला कुठल्या नंबरचं सूत गेलं त्याच्या नोंदी. टाटांच्या मिलचे काही दस्तऐवज पुण्याच्या टाटा सेंट्रल अर्काइव्ह्जमध्ये सुरक्षित आहेत. इतर मिलना असं नशीब क्वचितच लाभलं.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी निदान १९९१ चा ५८ क्रमांकाचा नियम झाला. एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला, हे सूत्र त्यात होतं. २००१ मध्ये ते पातळ केलं गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल मान्य केला. तरीही वाद घालायला एक कागद होता. तो नियम मुंबईपुरता होता. विदर्भातल्या मिलचं भवितव्य ज्या त्या लिलावावर सोडलं गेलं.

जपानमधल्या तोमिओका रेशीम गिरणीची गोष्ट इथे आठवते. ती १८७२ मध्ये, म्हणजे एम्प्रेसच्या पाच वर्षं आधी सुरू झाली आणि १९८७ मध्ये, म्हणजे एम्प्रेसच्या कंपनीनं हात टेकल्यानंतर वर्षभरात बंद पडली. तिच्या मालक कंपनीनं तीन गोष्टी ठरवल्या: विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, पाडायची नाही. कताईची यंत्रं झाकून ठेवली, छपरांची डागडुजी चालू ठेवली, आणि २००५ मध्ये इमारती गावाच्या नगरपालिकेकडे सोपवल्या. २०१४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. अमेरिकेत लॉवेल शहरातल्या गिरण्यांचं १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या बूट मिलमध्ये माग आजही चालवून दाखवले जातात. या दोन्ही ठिकाणी इमारत वाचली, कारण आतलं काम दाखवण्यासारखं आहे असं कुणाला तरी मनापासून वाटलं.

खाप्याला काय हवं आहे

देशातल्या हातमागांची गणना सांगते, की २००९-१० मध्ये या व्यवसायात ४३ लाखांहून अधिक माणसं होती, २०१९-२० मध्ये ती ३५ लाखांवर आली. खाप्यासारख्या गावातला विणकर या उतरणीवर उभा आहे. त्याच्या मुलांना खाणीत, सावनेर-कळमेश्वरच्या कारखान्यांत किंवा नागपुरात काम मिळतं, आणि ते त्यांनी करावंच. पण ज्याला विणायचं आहे, त्याला लागणारं सूत जवळ मिळावं ही मागणी अवाजवी नाही. भोवती कापूस पिकतो, सावनेर परिसरात जिनिंग चालतं, नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, राज्याचं हातमाग महामंडळही नागपुरातच आहे. साखळीत मधली कडी, म्हणजे एम्प्रेससारखी सूत काढणारी मिल, तेवढी नाहीशी झाली आहे. कापूस गाठीच्या रूपात बाहेर जातो आणि सूत होऊन लांबून परत येतं.

म्हणून विदर्भात जुन्या मिलच्या ज्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांच्याबद्दलचा निर्णय फक्त जमिनीच्या भावावर होऊ नये. अचलपूरची फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. तिची यंत्रं त्या मानानं नवी आहेत, आणि उशीर होईल तशी तीही भंगाराच्या वाटेला लागतील. अमरावतीला नवं वस्त्रोद्योग पार्क आकार घेतं आहे. त्यात जुन्या कामगारांचं ज्ञान आणि जुन्या मिलची कागदपत्रं यांना जागा द्यायला मोठा खर्च येणार नाही.

माझी मागणी मोजकी आहे. प्रत्येक बंद मिलची यंत्रं विकण्याआधी तिची छायाचित्रं, नकाशे आणि नोंदवह्या सरकारनं ताब्यात घ्याव्यात. एका तरी मिलचं एक खातं, कार्डिंगपासून लडीपर्यंत, चालू अवस्थेत जपावं. तिथे निघालेलं सूत खापा आणि उमरेडच्या मागांना द्यावं. आणि ज्यांनी रिंग फ्रेमवर वर्षं घालवली त्या माणसांना शिकवायला बोलवावं, ती आपल्यात आहेत तोवर. दलदलीत भराव घालून मिल उभारता आली, कारण तिच्या सुताला गिऱ्हाईक आहे हे जमशेटजींना ठाऊक होतं. खाप्यात ते गिऱ्हाईक थोडं का होईना, अजून आहे. मिलचं भवितव्य ठरवणाऱ्यांनी त्याच्याशी आधी बोलावं.