स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा प्रसर : पेशीपातळीवरील एक विवेचन

साठीच्या घरातील रुग्ण कावीळ घेऊन आपल्या चिकित्सालयात येतो. पोटात फारशी वेदना नाही, ज्वर नाही. मात्र मल तिलपिष्टासारखा, मूत्र गडद, अंगाला कंड, भूक मंद आणि वजन घटलेले. रुद्धपथ कामलेचे हे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु पथ कशाने रुद्ध झाला, हा प्रश्न विचारल्याविना चिकित्सेस आरंभ करणे आज धोक्याचे आहे. स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील अर्बुदाने पित्तनलिका दाबली गेली, तरी हेच चित्र दिसते. या व्याधीत काळ किती मोलाचा असतो, हे ध्यानी येण्यासाठी त्याच्या पेशी शरीरात कशा पसरतात ते समजून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील आकडेवारीनुसार या रोगाच्या निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. निदानसमयी शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण जेमतेम पंचमांश असतात. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीही अनेकांत पुढे यकृतादी अवयवांत रोग प्रकट होतो. याचा अर्थ, मूळ गाठ काढण्यापूर्वीच काही पेशी तेथून निघून गेलेल्या असतात.

या रोगाचे मूळ बहुधा ‘केरास’ नामक जनुकातील बदलात असते. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो आढळतो. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीला वाढीचा आदेश देते आणि काम होताच स्वतः निष्क्रिय होते. त्याच्या साखळीतील बाराव्या स्थानी असलेले ग्लायसिन बदलले की ही निष्क्रिय होण्याची क्षमता नष्टप्राय होते व वाढीचा आदेश अखंड चालू राहतो. पुढे पेशीविभाजनाला आवर घालणारी सीडीकेएन-२-ए, टीपी-५३ व स्मॅड-४ ही जनुकेही निकामी होत जातात. यांपैकी स्मॅड-४ चा लोप सुमारे निम्म्या रुग्णांत आढळतो, आणि दूरवरच्या व्यापक प्रसराशी त्याचा संबंध दिसून आला आहे.

आता प्रसराकडे वळू. स्वादुपिंडातील नलिकांच्या अस्तरपेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींस घट्ट धरून असतात. टीजीएफ-बीटासारख्या संदेशद्रव्यांच्या प्रभावाने स्नेल, ट्विस्ट, झेब-१ ही नियंत्रक प्रथिने जागी होतात व ई-कॅडहेरिनची निर्मिती दडपतात. पेशींची परस्परांवरील पकड सुटते, त्या लांबट व चल होतात आणि भोवतालच्या पटलाचे विघटन करणारी विकरे स्रवू लागतात. टीजीएफ-बीटा हे मुळात वाढ रोखणारे द्रव्य आहे, परंतु त्याचा हा निग्रह मुख्यतः स्मॅड-४ च्या द्वारे चालतो. ते नष्ट झाले की निग्रह संपतो, चलनवलनास उत्तेजन देणारे कार्य मात्र शिल्लक राहते. उंदरांवरील २०१२ मधील एका संशोधनात तर, स्वादुपिंडात गाठ ओळखता येण्यापूर्वीच अशा पेशी रक्तात व यकृतात पोहोचलेल्या आढळल्या.

अर्बुदाभोवती दाट तंतुमय ऊतींचे वेष्टन असते आणि पुष्कळदा गाठीचा बहुतांश भाग त्यानेच व्यापलेला असतो. हे वेष्टन औषधांना आत शिरण्यास अडथळा करते, म्हणून ते नष्ट करावे असा विचार पुढे आला. परंतु २०१४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत वेष्टन घटवल्यावर रोग अधिकच उग्र झाला. जो अडसर वाटला तो काही अंशी बांधही होता. या अर्बुदाच्या पेशी नाड्यांच्या आवरणातूनही पसरतात. पाठीकडे जाणाऱ्या तीव्र वेदनेचे ते एक कारण होय. रक्तमार्गाने निघालेल्या पेशी प्रतिहारिणी सिरेतून प्रथम यकृतात पोहोचतात.

परंतु पोहोचणे म्हणजे रुजणे नव्हे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून, बीजाइतकीच भूमीही महत्त्वाची असते असा सिद्धांत मांडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने याची पेशीपातळीवरील प्रक्रिया उंदरांत दाखवून दिली. अर्बुदपेशी एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिका रक्तात सोडतात. यकृतातील कुप्फर पेशी त्या ग्रहण करतात व टीजीएफ-बीटा स्रवतात. त्यामुळे यकृतातील तारकाकृती पेशी फायब्रोनेक्टिन निर्माण करतात आणि अस्थिमज्जेतून आलेल्या भक्षकपेशी तेथे जमतात. अशा रीतीने बीज येण्यापूर्वीच भूमी तयार होते.

हे वाचताना सुश्रुतोक्त षट्क्रियाकालांतील प्रसर व स्थानसंश्रय या अवस्था आणि खवैगुण्याची कल्पना आम्हांस सहज आठवली. निदानस्थानातील अध्यर्बुद व द्विरर्बुद यांचे वर्णनही येथे स्मरते. परंतु साम्य म्हणजे ऐक्य नव्हे. प्राचीन आचार्यांना जनुके ठाऊक होती असे म्हणणे त्यांचा गौरव करणे नाही. पूर्वीच्या क्रियाकालात व्याधी ओळखावा, हा त्यांचा उपदेश मात्र आजही तितकाच खरा आहे.

त्यास आधुनिक आधारही लाभला आहे. सात रुग्णांच्या अर्बुदांतील जनुकबदलांवरून २०१० मध्ये संशोधकांनी अनुमान केले, की पहिल्या बदलापासून मूळ अर्बुदपेशी सिद्ध होण्यास किमान दहा वर्षे आणि त्यानंतर प्रसरक्षमता येण्यास आणखी किमान पाच वर्षे लागतात. लक्षणे प्रकट होतात ती बहुधा या दीर्घ काळाच्या अखेरीस. म्हणजे रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा उरलेला अवकाश अल्प असतो.

हळदीतील कर्क्युमिनविषयी आपल्या वर्गात बरीच चर्चा होते. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वादुपिंडाचा प्रगत कर्करोग असलेल्या २५ रुग्णांस प्रतिदिनी ८ ग्रॅम कर्क्युमिन मुखावाटे दिले गेले. मूल्यमापन झालेल्या २१ जणांपैकी दोघांत काही परिणाम दिसला आणि रक्तातील प्रमाण अत्यल्प राहिले. पुढील संशोधनास हे पुरेसे आहे, रुग्णाला आश्वासन देण्यास नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. वेदनारहित रुद्धपथ कामला, पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेला मधुमेह व सोबत घटणारे वजन, किंवा पाठीत जाणारी अकारण उदरवेदना आढळल्यास सोनोग्राफी, आवश्यक तर सी.टी. स्कॅन आणि तज्ज्ञांचे मत तत्काळ घ्यावे. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. अग्निरक्षण, बलरक्षण व आहारयोजना यांत आपले साहाय्य मोलाचे आहे, पण ते तज्ज्ञांच्या चिकित्सेच्या जोडीने व त्यांना कळवूनच द्यावे. पेशी वाट पाहत नाहीत, तेव्हा रुग्णास वाट पाहावयास लावण्याचा अधिकार आपणांस नाही.